प्रश्न तुमचे: घरचं कुत्रं गेल्यावर

या वेळी चार पत्रं एकाच विषयाची आली. उत्तरं आमच्या पशुवैद्यक आणि समुपदेशक सल्लागारांनी दिली आहेत.

माझं वय 71. मुलगा पुण्याला. सोबतीला वाघ्या होता, तो महिन्यापूर्वी गेला. पहाटे पाचला जाग येते आणि पुढं काय करायचं सुचत नाही. जेवण जात नाही, झोप नाही. परवा चक्कर आली. गल्लीत बोलायची सोय नाही, ‘कुत्र्यासाठी कोण रडतंय व्हय?’ म्हणतात. – एक वाचक, निपाणी

काका, आधी गोळ्यांचं बघा. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती वेळेवर जाते आहे का? एकट्या माणसाचा दिवस कुत्र्याच्या वेळांवर चालतो. त्याला भाकरी टाकली की आपला नाष्टा, नाष्टा झाला की गोळी. कुत्रं गेलं की ही साखळी तुटते. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्या आणि जेवण चुकलं तर साखर खाली येते, घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून चक्कर ‘दुःखानं आली असेल’ असं म्हणून अंगावर काढू नका. दवाखान्यात जाऊन बीपी आणि साखर दोन्ही मोजून घ्या. गोळ्यांची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवा. ताटभर जात नसेल तर अंबील, मऊ भात-ताक, असं थोडं थोडं चार-पाच वेळा घ्या. साखर असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

चक्करीचं कारण कळलं की पहाटेची फेरी पुन्हा सुरू करा. वेळ तीच ठेवा, रस्ता तेवढा बदला. जुन्या रस्त्यावर तो ज्या खांबापाशी थांबायचा तिथं पाय आपोआप थांबतात आणि फेरी अर्ध्यातच सुटते. थोडे दिवस गेले, की जुन्या रस्त्यानं जाऊन बघा. पट्टा नि जर्मनची ताटली कुणाच्या सांगण्यावरून टाकून देऊ नका आणि दारातही ठेवू नका. पिशवीत घालून माळ्यावर टाका, पुढं काय करायचं ते दिवाळीनंतर ठरवा. रात्री दारात नखांची टकटक ऐकू येते असं बरेच जण सांगतात. ते वेडाचं लक्षण नाही. कानाला सवय झालेली असते, ती जायला वेळ लागतो.

गल्लीचं म्हणाल तर, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली सगळ्यांना चालतात, पण दारातल्या एकासाठी डोळ्यांत पाणी आलेलं चालत नाही! त्यांच्याशी वाद घालू नका. ज्यांनी कुत्रं पाळलंय असा एक माणूस शोधा आणि त्याच्याशीच बोला.

साधारण दोन आठवडे झोप-जेवण हललं तर वाट बघावी. तुमचा महिना झालाय, तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा. ‘आता जगून काय करायचं’ असं मनात येत असेल तर त्याच दिवशी 14416 ला फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि भाषा निवडता येते.

आमचा लॅब्राडोर 11 वर्षांचा होता. किडन्या गेल्या, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 9 च्या वर. पाच दिवस सलाईन लावलं, उलट्या थांबल्या नाहीत. शेवटी कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला लावलं. नंतर त्यानं दोनदा मोठा श्वास ओढला, मागचा पाय हलला, डोळे उघडेच राहिले. त्याला कळत होतं का? आम्ही घाई केली का? – एक वाचक, खानापूर

नाही ताई, त्याला कळत नव्हतं. हे इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस. शिरेतून गेल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. तुम्ही पाहिलेला मोठा श्वास शुद्ध गेल्यानंतरचा. मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र असतं, ते बंद पडता पडता असे एक-दोन झटके देतं. पाय हलतो तो स्नायूंमुळे. कुत्र्याचे डोळे मेल्यावर सहसा मिटत नाहीत. लघवी, शी होते, कारण तिथले स्नायू सैल पडतात. यातलं काहीच वेदनेचं नसतं. डॉक्टरांनी हे इंजेक्शनाच्या आधी सांगायला हवं, पण घाईत ते राहून जातं आणि घरच्यांच्या मनात तेवढंच चित्र अडकून बसतं.

घाईबद्दल: कुत्र्याचं क्रिएटिनिन 5 च्या वर गेलं की तो आजाराचा शेवटचा टप्पा धरतात. पाच दिवसांच्या सलाईननंतरही आकडा उतरला नाही, उलट्या थांबल्या नाहीत, तर सहाव्या दिवशी हाती येण्यासारखं फारसं काही नव्हतं. आणि ‘आधी का नाही कळलं’ हेही मनात असणारच. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. त्याआधी घरी दिसणारी मुख्य खूण म्हणजे पाणी जास्त पिणं आणि लघवी जास्त होणं. परसात मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती कुणाच्या नजरेला येणार?

एक करा. केसपेपर आणि रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडे दहा मिनिटं बसा, कोणत्या दिवशी काय झालं ते तारखेनं विचारा आणि लिहून घ्या. रात्री दोन वाजता मन खटला चालवायला बसतं, तेव्हा तो कागद कामाला येतो.

कुत्र्याला शेतात पुरलं. पावसात माती खचली, भटक्या कुत्र्यांनी उकरलं. आईनं ते पाहिलं, ती जेवेना. – एक वाचक, अथणी

खड्डा उथळ झाला असणार. कुत्र्याच्या अंगावर किमान तीन फूट माती यायला हवी, म्हणजे खड्डा चार-साडेचार फूट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून वास वर येतो. खड्डा भरताना ढेकळं तशीच टाकली तर पहिल्या पावसात माती बरीच खाली बसते. हातमोजे घालून पुन्हा पुरा. माती फोडून, फूटभर टाकली की तुडवून भरा, वर फूटभर उंचवटा, त्यावर दगड आणि बाभळीच्या फांद्या. जागा विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब हवी, त्यांच्याकडे उतरणाऱ्या उताराच्या वरच्या अंगाला नको. प्लॅस्टिकचं पोतं नको, जुनं सुती धोतर किंवा लुगडं पुरे. मीठ किंवा चुना पोतंभर ओतायची गरज नाही, त्यानं कुजणं उलट लांबतं. इंजेक्शन देऊन गेलेलं कुत्रं असेल तर खोली अजिबात कमी करू नका, कारण औषध मांसात राहतं आणि उकरून खाणारी जनावरं मरतात.

हे काम आईला बघू देऊ नका. झाल्यावर तिला न्या आणि वर झाड तिच्या हातानं लावू द्या.

एक मात्र विचारून घ्या: जाण्याआधी ते लाळ गाळत होतं, घास गिळत नव्हतं, विनाकारण चावायला धावत होतं का? तसं असेल तर रेबीजची शंका धरा. ज्यांना ते चावलं, किंवा ज्यांच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. चावलेली जागा, उशीर झाला असला तरी, साबणानं, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा.

अडीच महिन्यांचं पिल्लू पार्वोनं गेलं. मुलगी सहा वर्षांची, रोज रडते. लगेच दुसरं आणू का? – एक वाचक, अनगोळ, बेळगाव

लगेच नको. पार्वो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार. त्याचा विषाणू सावलीच्या, ओल्या मातीत वर्षभरही टिकतो. फरशी आधी साबणानं घासून स्वच्छ करा. मग 30 भाग पाण्यात 1 भाग साधं ब्लीच मिसळून ओता आणि 10 मिनिटं ओलं राहू द्या. घाण तशीच असेल तर ब्लीच वाया जातं. अंगणातली माती, शेणानं सारवलेली जागा अशी शुद्ध होत नाही. गोधडी, पट्टा, लाकडी खोकं जाळून टाका. दुसरं आणायचंच तर सगळे डोस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणा. पिल्लू हवं असेल तर त्याचे डोस 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यावे लागतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस लागू पडत नाही, म्हणून एका डोसवर विसंबून चालत नाही. तोवर ते पिल्लू अंगणात सोडायचं नाही.

मुलीला ‘गावाला गेलं’ सांगितलं असेल तर ती रोज वाट बघणार. ‘झोपलं’ म्हटलंत तर ती स्वतः झोपायला घाबरेल. आजारानं त्याचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाही, आणि हे तुझ्यामुळे झालं नाही, एवढं सरळ सांगा. या वयात मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, तेव्हा उत्तरही तेच द्या. नवीन आणाल तेव्हा नाव मात्र वेगळं ठेवा.