आधी कार्पेट उचला

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्याकडे १९९८ ची पांढरी मारुती ८०० आहे. सासऱ्यांनी घेतलेली. ते आता चालवत नाहीत, पण विकायचा विषय निघाला की जेवणावरून उठतात. मलाही ती विकायची नाही. मी शिक्षिका आहे. शाळेत जायला-यायला, बाजारहाटाला, रविवारी येऊरपर्यंत एवढाच वापर होईल. ओळखीच्या गॅरेजमध्ये दाखवली तर ते म्हणाले, आधी फुल पेंटिंग आणि नवी सीट कव्हरं करून घ्या, इंजिनाचं नंतर बघू. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते आणि पावसाळ्यात आत कुबट वास येतो. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत. तो कुबट वास. पेंटिंगचं आज विसरा. दोन्ही पुढच्या सीट काढायला लावा, कार्पेट उचला आणि त्याखालचा नमदा (जाड फेल्ट) हाताने दाबून बघा. ओला लागला तर गाडीत पाणी शिरतंय, आणि ते एका पावसाळ्याचं नसणार.

वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी टाकलेलं गॅरेज आता मी चालवते. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या ८०० इंजिनामुळे भंगारात जात नाहीत, पत्र्यामुळे जातात. एका बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस, आणि गाडी उघड्यावर. या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन साधं आहे आणि पुन्हा बांधता येतं. सडलेल्या तळाला मात्र तसा उपाय नाही. तो कापून काढावा लागतो.

पाणी कुठून येतं ते आधी शोधायचं. तुमच्या गाडीला दोन जागांवर माझा संशय आहे. एक, पुढच्या काचेचं रबर. पंचवीस-सत्तावीस वर्षांत ते कडक होतं, कोपऱ्यात चिरतं आणि पाणी डॅशबोर्डच्या मागून पायाशी उतरतं. दोन, वायपरखालची जाळी. तिथे पाला साठतो, खालची भोकं बुजतात आणि पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत वळतं. दरवाजांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात. ती बुजली की दरवाजा आतून सडतो आणि बाहेरून फुगल्यासारखा दिसतो. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत डॅशबोर्डखाली बघायचं. अर्ध्या तासात चोर सापडतो. हे काम गॅरेजच्या भरवशावर सोडू नका, स्वतः तिथे उभ्या राहा.

मग पत्रा. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने तळ ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भद्द आवाज करतो. ड्रायव्हरच्या टाचेखाली, दरवाजाखालच्या लांब पट्टीत, बॅटरीच्या ट्रेखाली, जॅक लावायच्या जागी आणि मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं तिथे नीट बघा. बॅटरीखाली तर ॲसिडने पत्रा खाल्लेला असतोच. तळाला पडलेली भोकं हा घाबरायचा विषय नाही. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. पण ८०० ला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते. त्यामुळे सस्पेन्शनचे आधार किंवा इंजिनाला धरणारे पुढचे लांब भाग हाताने सोलले जात असतील, तर थांबा. मग खर्च करायचा की नाही हे घरात बसून ठरवा, गॅरेजमध्ये उभ्या उभ्या नाही. सासऱ्यांनाही त्या बोलण्यात घ्या. गाडी त्यांची आहे.

पत्राकाम करणाऱ्याला एकच गोष्ट ठामपणे सांगा : गंजावर पत्रा नको. गंजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, सांध्यावर सीलर, त्यावर प्रायमर, आणि पूर्ण वाळल्यावरच खालून अंडरबॉडी कोटिंग. ओल्या गंजावर काळं कोटिंग फासलं तर गाडी वरून छान दिसते आणि आत ओल कोंडून दुप्पट वेगाने सडते. भोकावर जाळी लावून लांबी (पुट्टी) भरायची पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. लांबी रंगाखालचा खळगा भरायला असते, माणसाचं वजन पेलायला नाही. वेल्डिंगआधी बॅटरी काढलेली हवी, आणि मागच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलची टाकीही उतरवलेली हवी. यावर कोणी ‘काही होत नाही’ म्हणालं, तर गाडी घेऊन परत या.

आता कळेल की पेंटिंग आधी का नको. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा रंग करपतो. आधी रंग केला तर पत्राकामानंतर तो पुन्हा करावा लागणार. तुमचे पैसे दोनदा जाणार.

गाडी वर उचललेली असतानाच ब्रेकचे लोखंडी पाइप बघून घ्या. ते तळाखालून मागे जातात आणि जो गंज पत्र्याला खातो तोच त्यांना खातो. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर उघडून बघा. रबर ओघळलेलं दिसलं तर बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. दहा वर्षांचे टायर कितीही चांगले दिसले तरी मी त्यावर कुणाला घाटात पाठवणार नाही, आणि येऊरचा रस्ता चढ-वळणांचा आहे.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या हालचाली एकमेकींशी जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, शेवटचा कधी बदलला ते कुणालाच आठवत नसेल तर तो बदलायचाच आहे असं समजा. किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने चिरतं. वॉटर पंपही त्याच वेळी बघून घ्या. त्यासाठी पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागतं.

सुट्या भागांची काळजी करू नका. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तिचंच एफ८बी इंजिन ओम्नीला होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात. एक सावधगिरी : अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचंच, पण ते १२ व्हॉल्व्हचं एफ८डी. ‘एकच आहे, बसेल’ असं कोणी सांगितलं तर जुना भाग शेजारी ठेवून जुळवा. दरवाजा, बंपर, काच, दिवे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळाले तर खुशाल घ्या. ब्रेकचा कोणताही भाग आणि कोणतंही रबर मात्र जुनं घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असो.

रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. नाही उरले तर तशीच चालवा. पांढऱ्या गाडीला जुना रंग शोभतो.

प्रश्न : माझी १९९६ ची कार्बोरेटरची ८०० आहे. हल्ली सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, सिग्नलला मध्येच बंद पडते आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. सगळे म्हणतात नव्या पेट्रोलमुळे. मग आता गाडी बंदच करायची का?
— एक निवृत्त वाचक, नौपाडा

उत्तर : काका, गाडी आज बंद, उद्या सुरू. वासाचं कारण सापडेपर्यंत ती चालवू नका, सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल पाझरतंय, याहून तातडीचं काम जुन्या गाडीत दुसरं नाही.

सगळे म्हणतात त्यात तथ्य आहे. आता पंपावर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. तुमची गाडी बनली तेव्हा तिची रबरं त्यासाठी निवडलेलीच नव्हती. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. त्यात तीस वर्षांचे पाइप. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंतचे, सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे घ्या आणि क्लिपही नव्या लावा. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा बघा. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाबरोबर ऑइलही बदलायचं. कार्बोरेटर उघडून सगळं किट नवं टाका.

सिग्नलला बंद पडण्याचं कारण वेगळं असू शकतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. कार्बोरेटरच्या गाडीला हे स्वतःहून सुधारता येत नाही, माणसाने स्क्रू फिरवून जुळवावं लागतं. हे कानाने करणारे जुने मिस्त्री ठाण्यात अजून आहेत. चरईत, कळव्यात चौकशी करा. ज्याने कार्बोरेटर न बघताच तो बदलायला सांगितला, त्याच्याकडे जाऊ नका.

आणखी एक. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी लोखंडी टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज पाइपातून पुढे येतो. म्हणून दुरुस्तीनंतर थोड्याच दिवसांत पेट्रोल फिल्टर पुन्हा एकदा बदला, आणि गाडी दर आठवड्याला चालवा. पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती सुरू ठेवण्याचा उपयोग नाही. सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणीही त्याने वाळत नाही. उपवन तलावाला एक फेरी मारून या, काकूंना घेऊन.

प्रश्न : घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलो की इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे जातो. गाडी पळायला लागली की खाली येतो. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकतो, प्रॉब्लेम संपेल.
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : काढू देऊ नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तुमचं निदान तुम्हीच लिहिलंय. पळताना थंड, उभी असताना गरम, म्हणजे वाऱ्याची कमतरता आहे. रेडिएटरमागचा पंखा वेळेवर फिरत नसणार. पंख्याला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघायला सांगा. फिरला तर मोटर ठीक, दोष थर्मोस्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. उलट झालं असतं, म्हणजे गायमुखच्या चढाला गरम आणि उभी असताना ठीक, तर मी रेडिएटर चोंदलाय का, पंप नीट पाणी फिरवतोय का ते बघितलं असतं.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन कधीच पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल लवकर खराब होतं, आणि जाममध्ये गरम व्हायचं ते होतंच. पंखा सतत चालू ठेवणारं बटण बसवणं हाही तात्पुरता इलाज आहे. बटण दाबायचं एका संध्याकाळी विसरलं जाईल आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) जाईल. नळाचं पाणी भरत असाल तर तेही थांबवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. कूलंट नसेल तर आतून खाल्लं जातं.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. घाम येईल, पण इंजिनातली बरीच उष्णता आत ओढली जाते. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या वाफेने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे. पहिली गाडी म्हणून २००५ ची ८०० बघितली आहे, एमएच-४३ पासिंगची. स्वस्त आहे. मित्र म्हणतात १५ वर्षांवरच्या गाड्या बंद होणार. घेऊ का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : वयामुळे पेट्रोल गाडी बंद करण्याचे ते आदेश दिल्ली परिसरासाठी होते, महाराष्ट्रासाठी नाहीत. आपल्याकडे खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं आणि आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं. पण २००५ ची गाडी आता २० वर्षांपुढे गेली. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे. त्याआधी ५,००० होतं. पर्यावरण कर वेगळा. रजिस्ट्रेशन संपून महिने गेले असतील तर दंडही महिन्यागणिक वाढतो. हे सगळं धरल्यावर ती गाडी खरंच स्वस्त आहे का, ते कागदावर मांड.

२००५ ची म्हणजे एमपीएफआय, इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी, कार्बोरेटरचा त्रास नाही. इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जा. विकणारा आधीच सुरू करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी ये म्हणावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालव. चाकापाशी कट-कट ऐकू आलं तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय, तेवढा भाव कमी करून घे. तळ कसा बघायचा ते वर पहिल्या उत्तरात लिहिलंय. आणि आरसीवर ‘वैध कधीपर्यंत’ ही तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय विसार देऊ नकोस. नूतनीकरण राहिलं असेल तर ते विकणाऱ्याच्याच नावावर, त्याच्याच खर्चाने करून घे, मग बाकीचे पैसे दे.