स्लायडिंग पॅनल सॉ घेताना पैसे कशाचे मोजायचे

भाऊ, तुमची गरज अशी दिसते: धुळ्याला अवधानजवळ वर्कशॉप, किचन आणि वॉर्डरोबची कामं, आज रोज चार-पाच शीट, पुढे दहापर्यंत न्यायच्या. स्लायडिंग पॅनल सॉ, म्हणजे सरकत्या टेबलावर शीट ठेवून कापायचं मशीन, त्याचे भाव तीन आलेत. ३२०० मिमी टेबलचं साधं चिनी पद्धतीचं मशीन पावणेतीन लाखांना, डिजिटल डिस्प्लेचं वजनदार मशीन साडेचारला, आणि सहा लाखांत सेकंडहँड युरोपियन.

पावणेतीनचं घ्या, पण स्लायडर (सरकतं टेबल आणि त्याची धाव) तपासल्याशिवाय विक्रेत्याला उरलेले पैसे देऊ नका. डिस्प्लेसाठी जादा पैसे घालण्यासारखं तुमचं काम नाही, कारण कॅबिनेटचे जवळपास सगळे कट सरळ ९० अंशात असतात. वाचलेले पैसे डस्ट कलेक्टर, दोन जोड ब्लेड आणि इलेक्ट्रिकच्या कामात घाला. तिन्ही भावांवर १८ टक्के जीएसटी, भाडं आणि उतरवायची क्रेन धरून मगच तुलना करा. जीएसटी नोंदणी असेल तर कराची वजावट मिळते, हेही हिशेबात घ्या.

२८०० मिमीचं टेबल स्वस्त पडतं, पण आठ फुटी शीट म्हणजे २४४० मिमी. स्कोरिंग (मुख्य ब्लेडच्या आधी चरा पाडणारा छोटा ब्लेड) आणि क्लॅम्पची जागा सोडली की हातात फार काही उरत नाही. ३२०० च घ्या. त्याला टेबल पुढे-मागे जायला साधारण २३ फूट लांबी आणि १४ फूट रुंदी मोकळी लागते. जागा मोजून मगच ऑर्डर द्या.

आता मुख्य गोष्ट, स्लायडर. पॅनल सॉची ही मांडणी जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली आणली. आजची स्वस्त-महाग सगळी मशीनं त्याच वळणाची आहेत. फरक पडतो तो टेबल ज्यावर धावतं त्या रॉडच्या किंवा पट्टीच्या कडकपणात आणि रोलरच्या दर्जात. मोटर, पुली, बेल्ट धुळ्यात कुठेही मिळेल. वाकलेला स्लायडर कोणी सरळ करून देत नाही.

तपासायचं असं. आठ फुटी दोन पट्ट्या घ्या, दोन्हींची एकेक कड स्लायडरवर कापा. मग एक पट्टी टोकाकडून फिरवून दोन्ही कापलेल्या कडा समोरासमोर भिडवा. मध्ये किंवा टोकांना फट दिसली तर ती दुप्पट झालेली चूक आहे. फटीत साधा कागद सैल जात असेल तर विक्रेत्याच्या माणसाकडून तिथेच सेटिंग करून घ्या. जमलं नाही तर दुसरं मशीन मागा.

गुण्या, म्हणजे ९० अंशाचा कोन, पाच कटांनी तपासा. एक मीटर चौरस एमडीएफ घ्या. एक बाजू कापा, कापलेली बाजू फेन्सला (शीट टेकवायची सरळ पट्टी) लावून पुढची कापा, असं चारही बाजूंनी फिरा. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची साधारण २५ मिमी रुंद पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. एक टोक २५.० आणि दुसरं २५.८ आलं, तर फरक ०.८, त्याला ४ ने भागलं की मीटरमागे ०.२ मिमी चूक. कॅबिनेटला हे चालतं. ०.५ च्या पुढे गेलं तर शटरच्या फटी तिरक्या दिसतात, फेन्सचा स्टॉप सोडून परत बसवा. लोखंडी गुण्या ब्लेडला टेकवून हे कळत नाही, त्याची भुजाच छोटी पडते.

स्कोरिंगमध्ये बहुतेकांची गडबड होते. मुख्य ब्लेड ३०० मिमी, ९६ दात, काप ३.२ मिमीचा. स्कोरिंग ब्लेड १२० मिमी, शीटच्या खालच्या बाजूला दीड-दोन मिमी खोल चरा पाडतो, म्हणजे लॅमिनेटचे टवके उडत नाहीत. चरा मुख्य कापाइतका किंवा फार तर त्याहून ०.१-०.२ मिमी जास्त रुंद हवा. अरुंद राहिला तर खालच्या बाजूला टवके उडतात, जास्त रुंद झाला तर कडेवर पायरी पडते आणि एज बँडखाली (कडेला चिकटवायची पट्टी) काळी रेघ दिसते. धार लावून आल्यावर मुख्य ब्लेडचा काप थोडा बारीक होतो, म्हणून दर वेळी स्कोरिंग नव्याने जुळवायचं. फक्त एकाच बाजूला टवके येत असतील तर रुंदी बदलू नका, स्कोरिंग ब्लेड बाजूला सरकवा. कापलेल्या कडेवर मागच्या दातांचे उलटे ओरखडे दिसत असतील तर टेबल आणि ब्लेडची समांतरता बिघडली आहे.

सागवानही फाडायचं असेल तर ९६ दातांनी फाडू नका, लाकूड जळतं आणि ब्लेड तापून वाकतो. त्याला २४ ते ३६ दातांचा रिप ब्लेड वेगळा ठेवा आणि रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागची, काप मिटू न देणारी पातळ पट्टी) काढून टाकू नका.

विजेचं आधी बघा. ५.५ एचपी मुख्य मोटर, १ एचपी स्कोरिंग, ३ एचपी डस्ट कलेक्टर: साडेनऊ एचपी, म्हणजे ७ किलोवॅटच्या वर. पुढे एज बँडर येणारच, म्हणून महावितरणकडे १५ एचपीचा मंजूर भार मागा. चालत्या मशीनची एक फेज गेली तर मोटर दोन फेजवर ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं. अशा वेळी मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावाच. लाइनच्या दुरुस्तीनंतर फेजचा क्रम बदलला तर ब्लेड उलटा फिरतो आणि नट सैल होऊ शकतो. त्यासाठी क्रमही बघणारा रिले घ्या, आणि अशा दुरुस्तीनंतर शीट लावण्याआधी ब्लेड कुठे फिरतोय ते पाहा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. जानेवारीच्या सकाळी १० अंश आणि मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ४४, एवढ्या फरकाने ॲल्युमिनियमच्या फेन्सवरचं १२०० मिमीचं माप जवळजवळ १ मिमीने बदलतं. हंगाम बदलला की पट्टीने मोजून स्टॉप जुळवा. वर्कशॉपच्या शटरमधून येणारं ऊन स्लायडरच्या एकाच बाजूवर पडणार नाही अशी मशीनची दिशा ठेवा. रॉडवर ग्रीस लावू नका, भुसा चिकटून रोलर उड्या मारतात. रोज संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसा.

सेकंडहँड युरोपियन वाईट नाही. ४०० व्होल्ट ५० हर्ट्झचं असतं, त्यामुळे आपल्या लाइनवर तसंच चालतं. पण टेबल मध्यावर आणून बाहेरचं टोक दाबून बघा. खेळ जाणवला किंवा मधल्या भागात रॉडवर नखाला खाच लागली तर घेऊ नका. स्कोरिंग युनिट चालू स्थितीत हवं आणि ब्लेड बसतो त्या स्पिंडलच्या फ्लँजवर डायल गेजचा (डगमग मोजायचं घड्याळी माप) काटा ०.०२ मिमीच्या आत फिरायला हवा. जुन्या मशीनवर इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर ते मिळायला महिने लागू शकतात, म्हणून हाताच्या चाकाने वर-खाली होणारंच बघा.

तिन्ही विक्रेत्यांना एकच प्रश्न लेखी विचारा: बिघाड झाल्यावर धुळ्याला माणूस किती दिवसांत येईल आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा? सुरत, नाशिक, इंदूर तिन्हीकडून रस्ता चांगला आहे, त्यामुळे दोन दिवसांपेक्षा जास्त सांगणाऱ्याचा भाव कमी असला तरी तो सोडा.