ॲक्सेप्टन्सला मराठीत नेमका शब्द कोणता?

तुम्ही विचारलंय की ॲक्सेप्टन्स म्हणजे स्वीकार, मान्यता का मंजुरी, आणि रोजच्या बोलण्यात लोक खरंच काय म्हणतात. मी नागपूरचा, भाषांतराची छोटीमोठी कामं करतो, आणि या एका शब्दाने जेवढा ताप दिला तेवढा आमच्या मे महिन्याच्या उन्हानेपण नाही दिला.

एक शब्द नाहीच आहे. स्वीकार यातला 'स्व' म्हणजे आपलं, जे आपलं नव्हतं ते आपलं करून घेणं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला, आता त्या वाक्यात 'मंजूर केला' टाकून बघा, वाक्यच बसते खाली. पण हाच शब्द सरकारी खिडकीवर गेला की नुसता 'हातात घेतला' एवढाच उरतो. माझ्या काकांना मोबाईलवर मेसेज आला, 'आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे', काकांनी गल्लीत संत्राबर्फी वाटली आणि चार महिन्यांनी अर्ज नामंजूर! म्हणजे कागद पोचला होता फक्त, काम झालं नव्हतं. निविदांचंपण तेच, 'निविदा स्वीकारण्याची शेवटची तारीख' म्हणजे जमा करून घ्यायची तारीख, ठेका कोणाला मिळाला ते वेगळंच. म्हणून मी तरी निर्णय झाला असेल तिथे मंजूरच लिहितो. मंजूर नेहमी वरचा माणूस करते, रजा, कर्ज, बिल.

कबूल म्हटलं की थोडी चूक किंवा शब्द दिल्याचा वास येते. पत्करणं म्हणजे नुकसान दिसत असूनही घेणं, पराभव पत्करला, जोखीम पत्करली. बक्षीस कोणी पत्करत नाही ना भाऊ. लग्नाच्या बोलण्यात तर यातलं काहीच चालत नाही, तिथे पसंती येते, मग होकार, आणि मग आमच्याकडे साक्षगंध, तुमच्याकडे साखरपुडा म्हणत असाल.

कायद्यातलं विचारत असाल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रस्ताव आणि स्वीकृती असे शब्द आहेत, आणि कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त पाहिजे. म्हणजे मी म्हटलं स्कूटर वीस हजाराला देतो आणि तुम्ही म्हटलं 'घेतो, पण अठराला', तर ही स्वीकृती नाही, तुमचा उलटा प्रस्ताव झाला. गप्प बसलात तरी साधारणपणे होकार धरत नाहीत. घरात मात्र बायको गप्प बसली की आपण होकार धरतो आणि मग भोगतो, तो कायदा वेगळा.

आता समाजाने ॲक्सेप्ट केलं, घरच्यांनी ॲक्सेप्ट केलं, इथे स्वीकारलं लिहिलं तर चूक नाही पण बोलताना कोणी म्हणत नाही. चुलतभावाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा पहिली दोन वर्षं घर त्याच्या बायकोला चालवून घेऊन राहिलं होतं, सामावून घेतलं ते नंतर. इंग्रजीत दोन्हीला ॲक्सेप्टच म्हणतील कदाचित, पण तिला विचारा दोन्हीत किती अंतर आहे ते.

आणि मनाचा ॲक्सेप्टन्स. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी १९६९ मध्ये मरणाला टेकलेल्या माणसाच्या मनाच्या पाच अवस्था मांडल्या, त्यातली शेवटची ही. तिथे स्वीकार ठीक आहे, बोलीत आपण म्हणतो पचनी पडलं, नाहीतर मनाने घेतलं. मान्य करणं ही याच्या बरीच आधीची पायरी आहे, ते फक्त डोक्याने होते. आमच्या बाबांचंच बघा ना, शुगर निघाली, रिपोर्ट वाचला, डॉक्टरसमोर 'मान्य आहे' म्हटलं, आणि परतताना रस्त्यात गाडी थांबवून एक प्लेट तर्री पोहे आणि वर दोन जिलब्या.