वाचकांचे प्रश्न : सड्यावरचा दवबिंदू

प्रश्न : थंड देशांत वसंत ऋतूमध्ये दलदलीत दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पती सापडतात असं वाचून आम्ही होळीनंतर कासला गेलो. वाळक्या गवताशिवाय काहीच दिसलं नाही. जागा चुकली की वेळ? (सातारा)

उत्तर : वेळ चुकली. थंड प्रदेशातले बरेच दवबिंदू हिवाळाभर घट्ट कळीसारखे मिटून राहतात आणि वसंतात उलगडतात. आपल्याकडचा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा इंडिका, वर्षायू आहे. पावसात बियांतून उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, वाळला की संपायचं, एवढंच त्याचं आयुष्य. होळीच्या वेळी तुम्ही कदाचित त्याच्यावरूनच चालत होतात. तो तेव्हा भुकटीएवढ्या बियांच्या रूपात मातीत असतो.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ धरा. कासला हंगामात आगाऊ नोंदणी करून जावं लागतं. त्यातही दिवस निवडून जा. मुसळधार पावसात पानांवरचा चिकट द्रव धुऊन जातो आणि रोप साध्या गवतासारखं दिसतं. पाऊस थांबून दोन-तीन तास ऊन पडलं की थेंब पुन्हा धरतात.

जागा कशी ओळखायची? युरोपात कुजलेल्या शेवाळाची खोल दलदल असते, तशी इथे नाही. इथे खाली जांभ्याचा कातळ आणि वर बोटभर ते वीतभर माती. पाणी कातळात जिरत नाही, उतारावरून पातळ थराने पाझरत राहतं. ही उपळट जागा शोधा. पाणी साचलेली डबकी सोडून द्या. त्यांच्या कडेची, जिथे बूट रुतत नाही पण ओला होतो, ती खडेरी पट्टी बघा. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा आणि पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद दिसले की तिथेच थांबा. तिन्ही वनस्पतींना तीच निकस, सतत ओली जमीन लागते. मग उभ्याने पाहू नका; खाली बसून उन्हाच्या दिशेला तोंड करा. थेंबांतून प्रकाश आरपार येतो आणि आतापर्यंत न दिसलेली रोपं एकदम डझनाने दिसायला लागतात.

प्रश्न : गवतावरचं दव आणि हा दवबिंदू यांत फरक कसा करायचा? कासला दोन प्रकार आहेत का? (वाई)

उत्तर : दुपारी बारा वाजता बघा. खरं दव तोवर उडालेलं असतं. दवबिंदूचे थेंब उन्हातही तसेच राहतात, कारण ते पाणी नसून केसांच्या टोकाशी स्रवलेला डिंकासारखा द्रव असतो.

प्रकार दोन आहेत. इंडिका उभा वाढतो, पानं दोऱ्यासारखी अरुंद आणि लांब, फुलं बहुधा गुलाबी. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला चिकटून असतो: रुपयाच्या नाण्याएवढं चक्र, पाचरीच्या आकाराची पानं, मधून निघालेल्या बारीक दांड्यावर पांढरी फुलं. बर्मानीच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. इंडिकाला त्याहून पुष्कळ वेळ लागतो. हा वेग पाहण्यासाठी बोट किंवा काडी मात्र लावू नका. डिंक पुसला जातो आणि तो पुन्हा तयार करायला रोपाला शक्ती खर्चावी लागते. मुंगी आपण होऊन येईपर्यंत थांबणं हाच योग्य मार्ग.

प्रश्न : आमच्याकडे कृष्णाकाठी बारमाही ओल असते. तिथे दवबिंदू का दिसत नाही? (सांगली)

उत्तर : ओल आहे, पण जमीन काळी, चुनखडीयुक्त आणि सुपीक. दवबिंदूला आम्लधर्मी, नत्र जवळजवळ नसलेली माती लागते. नत्राची ती उणीव भरून काढण्यासाठीच तो किडे पकडतो. सुपीक मातीत उंच गवत त्याला सावलीत टाकतं, आणि सावलीत तो जगत नाही.

प्रश्न : मातीच्या गोळ्यासकट एक रोप आणून कुंडीत लावलं तर टिकेल का? (कराड)

उत्तर : टिकणार नाही, आणि आणूही नका. कास राखीव वन आहे. तिथून रोप उपटणं हा गुन्हा आहे. शिवाय बी टाकण्याआधी उपटलेलं रोप म्हणजे पुढच्या वर्षीची रोपंही गेली. त्याची मुळं अगदी नाजूक असतात, उपटतानाच तुटतात.

वाढवायचाच असेल तर रोपवाटिकेत तयार केलेलं बी किंवा रोप घ्या. पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज खडे) निम्मं-निम्मं, चार इंची प्लॅस्टिकची कुंडी. खत, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको; त्याने मुळं जळतात. बी वर नुसतं भुरभुरा, मातीने झाकू नका. उगवायला त्याला उजेड लागतो. कधी महिना-दीड महिनाही लागतो, तोवर कुंडी फेकून देऊ नका. ताटलीत एक-दोन सेंटीमीटर पावसाचं पाणी कायम ठेवा आणि रोज चार ते सहा तास थेट ऊन द्या. बहुतेक रोपं मरतात ती पाण्यामुळे. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, आधी थेंब नाहीसे होतात, मग पानांची टोकं काळी पडतात. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साधनावर, ५० पीपीएमच्या आतलं पाणीच वापरा. घरच्या आरओचं पाणीही मोजूनच घाला. फुलं येऊन बी धरल्यावर इंडिका वाळेल. तो रोग नाही. बी कागदी पाकिटात कोरडं ठेवा आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पेरा.