कलमा, त्रिशरण, सतमानतां : सगळ्यांना मिळून एक शब्द?

विचारणा : 'वेगवेगळ्या धर्मांच्या मूळ श्रद्धा सांगणाऱ्या वाक्यांचा तक्ता कन्नडवरून मराठीत करतो आहे. मथळा "धर्मप्रतिज्ञा" द्यावा की "मतांगीकार"?' (निपाणी)

'प्रतिज्ञा' नको. प्रतिज्ञा पुढच्या वागण्याची असते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांना तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे श्रद्धेची बाबसुद्धा बऱ्याचदा 'मानणार नाही' अशी भविष्यकाळात येते. 'कबुली' म्हणाल, तर आधी पोलीस ठाणे आठवते.

'मतांगीकार' हा श्रद्धेच्या वचनासाठी ख्रिस्ती मराठीत रुळलेला शब्द आहे, पण तुमच्या भागात तो घसरेल. मराठीत 'मत' म्हणजे अभिप्राय, नाहीतर निवडणुकीतले मत. कन्नडमध्ये हे दोन्ही अर्थ आहेतच, शिवाय 'मत' म्हणजे धर्म. म्हणून कन्नड वर्तमानपत्रातले 'मतांतर' म्हणजे आपले धर्मांतर. मराठीतले मतांतर म्हणजे नुसता मतभेद. दोन्ही भाषांत वावरणारा चिकोडीचा वाचक 'मतांगीकार' वाचून 'धर्म स्वीकारला' असा अर्थ लावण्याचा संभव मोठा. नसता घोळ! कन्नड मजकुरातला प्रत्येक 'मत' आधी तपासा, मगच मराठीत घ्या.

खरी अडचण मात्र क्रियापदाची आहे. ही वचने एकच काम करत नाहीत. ख्रिस्ती वचनात 'मानतो' आहे. लॅटिन 'क्रेडो' म्हणजे 'मी विश्वास ठेवतो'; पहिल्या शब्दावरूनच वचनाला नाव पडले. कोकणीतही तसेच : 'सतमानतां', म्हणजे खरे मानतो. बेळगाव-खानापूरकडच्या कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत हा शब्द नक्की कानावर येईल, आणि माझ्या मते या अर्थाचा इतका सरळ शब्द मराठीकडे नाही. भाषांतरात 'मी' की 'आम्ही' तेही पाहून घ्या. इ.स. ३२५च्या निकेया इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या ग्रीक मजकुरात 'आम्ही' आहे, कारण ते परिषदेने मिळून केलेले निवेदन होते. उपासनेत एकेकाने म्हणताना त्याचे 'मी' झाले.

इस्लामच्या शहादात (श्रद्धेची साक्ष देणाऱ्या वचनात) क्रियापद आहे 'साक्ष देतो' (अश्हदु). तिचे अंग दोन : अल्लाहवाचून दुसरा ईश्वर नाही, आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत. 'कलमा' म्हणजे मुळात शब्द, वचन. कायद्याचे 'कलम' वेगळ्या अरबी धातूचे, तेव्हा 'पहिले कलम पढले' असे छापू नका. 'पहिला कलमा पढला'.

बौद्धांच्या त्रिशरणात 'मानतो' नाहीच, 'जातो' आहे : बुद्धं सरणं गच्छामि. बुद्ध, धम्म, संघ ही तीन वाक्ये; मग दुतियम्पि (दुसऱ्यांदा), ततियम्पि (तिसऱ्यांदा) म्हणून तीच पुन्हा दोनदा, म्हणजे एकूण नऊ. पाली पाठात 'सरणं' लिहायचे. 'शरणं' हे संस्कृत वळण. तक्त्यावर हीच चूक हमखास होते.

जैनांच्या णमोकार मंत्रात तर निव्वळ नमन आहे. पाच ओळी, ३५ अक्षरे : अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधू. तुमच्या भागातले जैन वाचक त्याला 'श्रद्धेची व्याख्या' म्हटलेले खपवून घेणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. व्याख्या हवी तर ती तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात मिळते : 'तत्त्वार्थश्रद्धानं सम्यग्दर्शनम्', म्हणजे तत्त्वांच्या अर्थावरची श्रद्धा हेच सम्यग्दर्शन. लिंगायतांचे आणखी निराळे. तिथे एका वाक्यापेक्षा दीक्षा आणि अंगावरचे इष्टलिंग यांना महत्त्व. गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र ही अष्टावरणे देऊन 'आधार' असे लिहा, 'वचन' नको. बसवण्णांच्या परंपरेत 'वचन' हा साहित्यप्रकार आहे, घोटाळा होईल.

याच कारणाने मथळ्यालाही 'श्रद्धावचने' नको. 'श्रद्धेचे मूळ पाठ' द्या. जरा लांब आहे, पण 'पाठ' म्हटल्यावर नमन, साक्ष, शरण सगळे सामावते. अष्टावरणे पाठ नव्हेत, तेवढी तळाशी वेगळ्या चौकटीत घ्या. आत ज्याचे त्याचे नाव आणि ज्याचे त्याचे क्रियापद ठेवा : कलमा पढतात, त्रिशरण घेतात, णमोकार म्हणतात किंवा जपतात, दीक्षा घेतात. सगळीकडे 'पठण करतात' लिहिले की तक्ता सरकारी परिपत्रकासारखा दिसू लागतो.