टोरिक लेन्स फिरली असेल तर

टोरिक लेन्स म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची, सिलिंडरचा (तिरपा) नंबरही घालवणारी लेन्स; ती ठरलेल्या अक्षावरच, म्हणजे ठरलेल्या कोनातच, बसावी लागते. ती बसवल्यावर पेशंट म्हणाला, "डॉक्टर, अक्षरं अजून पसरट दिसतात," तर लगेच ओटी (ऑपरेशन थिएटर) लावू नकोस. आधी बाहुली मोठी करणारे थेंब घाल; लेन्सवरच्या अक्षाच्या खुणा कडेला असतात. स्लिट लॅम्पची (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची) प्रकाशाची फट बारीक कर, दोन्ही बाजूंच्या खुणांवरून जाईल अशी फिरव आणि अंश वाच. हनुवटी आणि कपाळ नीट टेकलंय ना, ते बघ. मान जरा कलली की आकडा चुकलाच.

एक अंश फिरली की सिलिंडरचा परिणाम साधारण ३.३ टक्के घटतो, ३० अंशांवर शून्य. चार-पाच अंशांसाठी मी तरी डोळा पुन्हा उघडत नाही.

मग नंबर काढ. स्फेरिकल इक्विव्हॅलंट (गोल नंबर अधिक अर्धा सिलिंडर) शून्याजवळ असेल तर फिरवून फायदा. नसेल तर पॉवरचाच घोळ आहे, नुसतं फिरवून भागणार नाही. फिरवायची कुठे? मूळ आखलेल्या अक्षावर डोळे झाकून नको. आताचा नंबर आणि लेन्सची आताची जागा घेऊन अक्ष नव्याने काढ. पहिल्या ऑपरेशननंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत उरक. पुढे डोळ्यातली पिशवी, जिच्यात लेन्स बसते, तिला घट्ट धरते. डोळ्यावर अक्षाची खूण पेशंटला बसवूनच कर, आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो. आणि ऑपरेशनमध्ये भरलेलं लेन्समागचं जेल चिकाटीने काढ, नाहीतर पुन्हा सरकेल.