वारसा इमारतीतील सागवानी खिडक्या बदलाव्यात की दुरुस्त कराव्यात?

आपली गिरगावातील इमारत वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे, तिच्या सागवानी खिडक्या खालून कुजल्या आहेत आणि बहुतेक बिऱ्हाडांना त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हव्या आहेत. असे करता येईल का आणि करावे का, असा आपला प्रश्न आहे. मी वास्तुविशारद असून मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. खिडक्या ‘खालून’ कुजल्या आहेत असे आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते निर्णय त्या एका शब्दावरच ठरतो.

पावसाचे पाणी झडपेवरून ओघळून तिच्या खालच्या आडव्या पट्टीवर व चौकटीच्या तळाशी येते, सांध्यात शिरते आणि तेथेच मुरत राहते. त्यामुळे कूज वीतभर उंचीपर्यंतच असते आणि तिच्या वरचे लाकूड बहुधा ठणठणीत निघते. दाभण टोचून पाहावे. ते जेथवर सहज शिरते तेथवरचेच लाकूड गेलेले असते. तेवढा भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापून, जुन्याच सागवानाचा तुकडा रेषा जुळवून, पाणी बाहेरच्या बाजूला ओघळेल अशा तिरक्या सांध्याने बसवता येतो. पाडकामातून निघालेले जुने सागवान मुंबईत मिळते. मात्र रंधा मारण्यापूर्वी त्यातील खिळे शोधून काढावे लागतात. झडपेच्या खालच्या अंगाला, पाणी भिंतीकडे न वळता खाली गळावे म्हणून, एक बारीक खाच खोदलेली असते. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजते आणि कुजण्याची सुरुवात अनेकदा तेथूनच होते, म्हणून ती मोकळी करून घ्यावी.

एका इमारतीत आमच्या कंत्राटदाराने चौकट व भिंत यांमधील फट सिमेंटने घट्ट भरली होती आणि ते माझ्या वेळीच लक्षात आले नाही. चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडायची वाट बंद झाली आणि नव्याने बसवलेले तुकडे दोन पावसाळ्यांत पुन्हा मऊ पडले. तेव्हापासून अशी फट मी चुन्यानेच भरून घेतो. तावदानांसाठी जवसाच्या तेलातील लुकण (पुट्टी) वापरावे, कारण पुढे एखादी काच फुटली तर ते खरवडून नवी काच बसवता येते. जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता धरूनच चालावे. घरगुती रंगांतील शिशावर प्रति दशलक्ष ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. म्हणून रंग जाळून किंवा कोरडा घासून काढू नये, ओल्या पॉलिश कागदाने घासावा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

सरकत्या खिडकीला माझा विरोध केवळ दिसण्यामुळे नाही. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, तर बिजागरीवरची झडप पूर्ण उघडते. शिवाय आपल्या जुन्या झडपांना तिरक्या लाकडी पट्ट्या असतील, तर मुसळधार पावसात झडप बंद ठेवूनही घरात वारा येत राहतो. मुंबईच्या पावसाळ्यासाठी याहून योग्य खिडकी मला माहीत नाही, आणि ती आपल्याकडे आधीपासूनच आहे.

परवानगीविषयी सांगायचे तर मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि आता तिची तरतूद विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील नियम ५२ मध्ये आहे. श्रेणी १ मध्ये अत्यावश्यक कामांपलीकडे हात लावता येत नाही, त्या मानाने श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक आहे. पण मोकळीक म्हणजे परवानगीची गरज नाही असा अर्थ कृपया घेऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेकडे लेखी विचारणा करावी आणि सोबत प्रत्येक खिडकीचे छायाचित्र व मापे जोडावीत. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो.

एखादी खिडकी खरोखरच वाचण्यापलीकडे असेल, तर नवी करताना झडपांची विभागणी, लाकडाची जाडी आणि भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून चौकट किती आत आहे, या तिन्ही गोष्टी जुन्याप्रमाणेच ठेवाव्यात. तिसरी गोष्ट सुतार हमखास विसरतात, आणि मग नवी खिडकी रस्त्यावरूनही वेगळी ओळखू येते. रस्त्याच्या गोंगाटाचा त्रास असणाऱ्यांनी जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूला काचेची स्वतंत्र चौकट बसवावी, म्हणजे बाहेरून काहीच बदलत नाही.

परवानगीचे उत्तर हाती आले की सर्वांत वाईट अवस्थेतील एकच खिडकी नमुना म्हणून दिवाळीनंतर दुरुस्त करून घ्यावी आणि तिचा प्रत्यक्ष खर्च ॲल्युमिनियमच्या दरपत्रकाशेजारी ठेवून बिऱ्हाडांसमोर मांडावा. उरलेल्या खिडक्या मेअखेरपर्यंत, रंगाच्या शेवटच्या हातासह, पुऱ्या व्हायला हव्यात.